टोमॅटोला गोड गोळी!

झाडाला थोडंच माहीत असतं आपण त्याला काय पाजलं? घरमालकीण काकूंच्या या एका प्रश्नापायी माझे दोन-अडीच महिन्यांचे वीकेंड गच्चीवर गेले. 24 कागदी कप, 270 बिया, सिलिशियाची एक बाटली आणि वाळूजच्या कंपनीत क्वालिटी बघणारी एक कडक रूममेट... संभाजीनगरच्या सिडकोतल्या एका गच्चीवरची ही गोष्ट.

रविवारी सकाळी आठला कुणी दार वाजवलं तर तुम्ही काय करता? मी उशी कानावर ओढून घेते. पण दारात घरमालकीण काकू उभ्या असतील तर तो ऑप्शन नसतो. त्यातून त्या महिन्याचं भाडं द्यायचं राहिलेलं!

'वर चल, तुला गंमत दाखवते,' काकू म्हणाल्या. चला, भाड्याचा विषय नव्हता. पायात चपला सरकवून मी मुकाट्याने जिना चढले.

आमच्या घराची गच्ची म्हणजे काकूंचं शेत. रंगाचे रिकामे डबे, तडा गेलेल्या बादल्या, तेलाचे पत्र्याचे डबे... आणि त्यात टोमॅटो, मिरची, वांगी, मेथी. नळाला रोज पाणी यायची चैन या शहराने वर्षानुवर्षं पाहिलेली नाही, त्यामुळे डाळ-तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा काकू मोरीत जाऊ देत नाहीत. त्या दिवशीची गंमत होती टोमॅटोची रोपं. हिरवीगार, ताठ, एकदम फोटोजेनिक.

'काय घातलंत?' मी विचारलं. काकूंनी मुठीतली छोटी बाटली उघडून दाखवली. आत साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्या. लेबलवर लिहिलेलं: सिलिशिया 30.

'होमिओपॅथी? झाडांना?'

'तांब्याभर पाण्यात चार गोळ्या. आठवड्यातून दोनदा.'

मी हसले. काकू हसल्या नाहीत. 'तुम्ही पेपरवाले लिहिता ना, त्या गोळ्यांत काही नसतं, नुसता मनाचा खेळ असतो म्हणून? मग मला सांग, झाडाला कुठे मन असतं? त्याला थोडंच माहीत असतं आपण त्याला काय पाजलं?'

खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. मास कॉमच्या दोन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

आणि मग काकू सहज बोलून गेल्या, 'मी तर ठरवलंय. संक्रांतीपासून बीपीची गोळी बंद आणि या गोळ्या सुरू. टोमॅटोला चालतंय, तर मला का नाही चालणार?'

आता मात्र माझी झोप उडाली. काका गेले त्याला सहा वर्षं झाली, मुलगा पुण्यात. मी जेवले की नाही हे विचारणारं या शहरात काकूंशिवाय कुणी नाही. बीपी वाढलं तरी दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तर गोळी सोडायचा मोह होतो. त्यांना लेक्चर देऊन उपयोग नव्हता. म्हटलं, भांडण टोमॅटोवरून सुरू झालंय ना, मग टोमॅटोनेच सोडवू.

एकावर साठ शून्यं

एक कबुली आधीच देते. लहानपणी सर्दी झाली की आई या गोळ्या जिभेवर ठेवायची. मला त्या इतक्या आवडायच्या की मी सर्दीचं नाटक करायचे. त्यामुळे गोड गोळ्यांशी माझं वैर बिलकुल नाही. आपल्याकडे तर होमिओपॅथी 1973 पासून केंद्राच्या कायद्याने मान्य असलेली उपचारपद्धती आहे. घराघरात ती आहे, तुमच्याही असेल.

पण 'सिलिशिया 30' मधल्या त्या 30चा अर्थ किती जणांना माहीत असतो? ही पद्धत काढली सॅम्युएल हानेमान या जर्मन डॉक्टरने. त्याचा मुख्य ग्रंथ 1810 सालचा. त्याची कृती थोडक्यात अशी: मूळ पदार्थाचा एक भाग घ्यायचा, तो 99 भाग दुसऱ्या कशात तरी मिसळायचा. सिलिकासारखी न विरघळणारी वस्तू आधी दुधाच्या साखरेत खलतात, मग पाणी आणि अल्कोहोल. नीट हलवायचं, झटके द्यायचे. त्यातला एक भाग उचलून पुन्हा 99 भागांत. असं 30 वेळा. म्हणजे मूळ पदार्थ पातळ झाला किती पट? एकावर साठ शून्यं!

बारावीची केमिस्ट्री आठवते? अव्होगाड्रोचा आकडा, सहावर तेवीस शून्यं. त्या हिशेबाने बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एखादा रेणू शिल्लक असण्याची आशा संपत येते. पुढच्या अठरा पायऱ्या नुसती हलवाहलव. आणि सिलिशिया म्हणजे तरी काय? वाळूतली सिलिका. ती गोळ्यांच्या काचेच्या बाटलीत आहे आणि काकूंच्या कुंडीतल्या मातीत तर ढीगभर!

विषय इथेच संपला असता, पण नेटवर शोधता शोधता एक ट्विस्ट मिळाला, तोही थेट पवईचा. आयआयटी मुंबईच्या केमिकल इंजिनीअरिंग विभागातल्या जयेश बेल्लारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये एक पेपर छापला. त्यांनी सोनं, चांदी, तांबं, जस्त, कथील आणि प्लॅटिनमपासून बनलेली बाजारातली होमिओपॅथिक औषधं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिली. 30 आणि 200 पोटन्सीमध्येही त्यांना त्या त्या धातूचे नॅनोकण दिसले. बातमी गाजली. काकूंना सांगितलं तर त्यांनी मला चहाबरोबर चिवडाही दिला!

पण पेपर नीट वाचला तर गंमत कळते. त्यात कण असल्याचा दावा आहे, त्या कणांनी कुणी बरं झालं असा नाही. शिवाय एका मर्यादेनंतर पुढच्या पायऱ्यांमध्ये धातूचं प्रमाण कमी होतच नाही, असं तो म्हणतो. मग जितकं पातळ तितकं पॉवरफुल, या फंड्याचं काय? आणि हे कण मूळ औषधाचेच की अल्कोहोलमधल्या अशुद्धीचे, असा आक्षेपही आला. थोडक्यात, बाटलीत काय आहे हा एक प्रश्न आणि त्याने रोप वाढतं का हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर रोपच देऊ शकतं.

राउंड वन: काकू जिंकल्या!

ऑक्टोबरमध्ये आम्ही सुरुवात केली. चहाचे 24 कागदी कप, कोकोपीट आणि टोमॅटोच्या बियांचं पाकीट. बिया कृषी सेवा केंद्रातून आणल्या. बारा कपांना सिलिशियाचं पाणी, बाराला साधं. काकूंनी सिलिशियावाले कप कठड्याच्या आतल्या बाजूला लावले, हाताशी असावेत म्हणून. बाकीचे समोर उन्हात.

विसाव्या दिवशी पट्टी घेऊन बसले. सिलिशियाच्या बारापैकी अकरा उगवल्या होत्या, साध्या पाण्याच्या आठ. सरासरी उंची? सिलिशिया 10.2 सेंटिमीटर, साधं पाणी 8.1.

मी उडालेच. काकूंनी फक्त भुवई उंचावली. आणि मी काय केलं असेल? संपादकांना मेल! 'एक हटके स्टोरी आहे.' फ्रीलान्सरचं पोट अशाच मेलवर चालतं हो.

माझी रूममेट वाळूज एमआयडीसीत एका कंपनीच्या क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. सकाळी सहाची कंपनीची बस, दिवसभर गाड्यांच्या पार्टची मोजमापं, रिजेक्शन, सॅम्पलिंग. ती रात्री आली तेव्हा मी तिला वही दाखवली. तिने पाच मिनिटं वही पाहिली, मग गच्चीवर गेली, परत आली आणि म्हणाली, 'तुझा डेटा भंगारात घाल.'

मी चिडले. तिने बोटं मोजत सांगायला सुरुवात केली.

एक, सिलिशियाचे कप सावलीत. उजेड कमी पडला की रोप उजेडाच्या शोधात लांबतं. उंच रोप म्हणजे जोमदार रोप नव्हे. नर्सरीवाला अशी लांबलेली रोपं नाकारतो, कारण त्यांचा देठ लेचापेचा असतो.

दोन, काकू सिलिशियाच्या कपांना चमच्याने जपून पाणी घालतात आणि बाकीच्यांवर मगाने ओततात. ओतलेल्या पाण्याने बी खोल जातं नाहीतर वाहून जातं.

तीन, बारा बिया म्हणजे काहीच नाही. टोमॅटोच्या प्रमाणित बियाण्याला आपल्याकडे किमान 70 टक्के उगवणीची अट आहे. म्हणजे बारापैकी आठ उगवल्या काय नि अकरा, पाकिटात काही बिघडलेलं नाही आणि बाटलीने काही घडवलेलंही नाही. बियांच्या प्रयोगशाळेत उगवण तपासायला 400 बिया घेतात.

'आणि चार,' ती म्हणाली, 'माझ्यासमोर एक रोप मोजून दाखव.'

मी सिलिशियाचं एक रोप मोजलं. मग साध्या पाण्याचं. ती हसायलाच लागली. सिलिशियाचं रोप मोजताना मी वाकलेलं पान हळूच बोटाने सरळ करून टोकापर्यंत मोजलं होतं. साध्या पाण्याचं जसं वाकलेलं होतं, तसंच.

मला कुणी हे करायला सांगितलं नव्हतं. मी करतेय हे मला कळलंही नव्हतं. पण स्टोरी हवी होती मला, आणि ती माझ्या बोटांना माहीत होती.

काकूंचं म्हणणं खरंच होतं, झाडाला मन नसतं. पट्टी धरणाऱ्याला असतं!

छताला चिकटवलेलं पाकीट

हे फक्त माझ्यासारख्या हौशी लोकांचंच होतं असं समजू नका. 1988 मध्ये 'नेचर' या जगप्रसिद्ध विज्ञान साप्ताहिकात जाक बेनव्हेनिस्त या फ्रेंच शास्त्रज्ञाचा पेपर आला. एक द्रव्य इतकं पातळ केलं की रेणू उरायला नको, तरी रक्तपेशींवर त्याचा परिणाम दिसतो, असा दावा. जगभर खळबळ! मग 'नेचर'चे संपादक जॉन मॅडॉक्स एका जादूगाराला, जेम्स रँडीला, आणि वैज्ञानिक फसवणुकीचा अभ्यास असलेल्या वॉल्टर स्ट्युअर्टला घेऊन पॅरिसजवळच्या त्या लॅबमध्ये पोहोचले. कुठल्या नळीत काय आहे हे मोजणाऱ्याला कळणार नाही अशी सोय केली. त्याची किल्ली फॉइलमध्ये गुंडाळून पाकिटात घातली आणि पाकीट चक्क छताला चिकटवलं. पाकीट उघडलं तेव्हा परिणाम गायब झाला होता.

रोपांवरचे प्रयोगही जुनेच आहेत. 1920 च्या दशकात लिली कोलिस्को यांनी गव्हाच्या रोपांवर असे प्रयोग केले होते. 1990 च्या दशकापासून इटलीत बोलोन्याच्या लुचिएत्ता बेत्ती आणि सहकाऱ्यांनी अतिसौम्य आर्सेनिक गव्हाला देऊन वाढ जास्त झाल्याचं मांडलं. 2005 मध्ये दुसऱ्या एका गटाने तोच प्रयोग पुन्हा केला, मोजणाऱ्याला अंधारात ठेवून. यावेळी फरक दिसला, पण उलटा. रोपांची वाढ किंचित कमी! एकदा वाढ, एकदा घट. आता शेतकऱ्याने काय समजायचं?

परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या माझ्या मावसभावाला फोन लावला, तर तो म्हणाला, 'पानसे-सुखात्मे वाचलं नाहीस?' मला वाटलं एखादी जुनी संगीतकार जोडी असेल. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोन मराठी माणसांनी लिहिलेलं शेती-संशोधनातल्या संख्याशास्त्राचं पुस्तक, पहिल्यांदा 1954 ला आलेलं. अॅग्रीच्या कितीतरी पिढ्यांनी ते परीक्षेच्या आदल्या रात्री उशाशी घेतलंय! त्यातला मूळ मंत्र सोपा: कुठल्या वाफ्याला काय द्यायचं हे आपण ठरवायचं नाही, चिठ्ठीने ठरवायचं. आणि एकदा करून थांबायचं नाही. इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर यांनी हे तंत्र 1920 च्या दशकात शेतीच्या प्रयोगांसाठी बसवलं. माणसांच्या औषधांच्या चाचण्यांमध्ये ते रुजलं नंतर. म्हणजे काकू वाटेवर बरोबर होत्या. औषध तपासायची शिस्त खरोखर शेतातूनच आली आहे.

राउंड टू: क, ख, ग

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा श्रीगणेशा. यावेळी सूत्रं रूममेटकडे. पैठण रोडवरच्या एका नर्सरीतून 98 कप्प्यांचे तीन प्रो-ट्रे आणले. प्रत्येक ट्रेमध्ये 90 कप्पे वापरले, तीन पाण्यांना 30-30. कुठल्या कप्प्याला कुठलं पाणी, हे चिठ्ठ्या टाकून. एकूण 270 बिया.

पाणी तीन प्रकारचं. एक साधं. दुसऱ्यात सिलिशिया 30 च्या गोळ्या. तिसऱ्यात नुसत्या साखरेच्या गोळ्या, औषध न घातलेल्या. होमिओपॅथीच्या दुकानात त्या सुट्या मिळतात. का, तर रोपाला काही झालं तर ते औषधाने की साखरेने, हे कळायला हवं. बुधवारी आणि शनिवारी रात्री, आम्ही झोपल्यावर, रूममेट तिन्ही बाटल्या भरायची. बाटल्यांवर फक्त क, ख, ग. कशात काय हे तिने कागदावर लिहून पाकीट बंद केलं आणि माळ्यावरच्या कुकरच्या खोक्यात ठेवलं. पॅरिसला छत, आम्हाला माळा!

मी आणि काकू त्या दोन दिवसांच्या सकाळी सिरिंजने प्रत्येक कप्प्याला सारखंच पाणी घालायचो, बाकी दिवशी सगळ्यांना साधं. ट्रेच्या जागा रोज बदलायच्या. बोअर काम! पण एक सांगू? चौथ्या-पाचव्या दिवसापासून मी अलार्मशिवाय उठायला लागले. सातव्या दिवशी पहिले कोंब मान वाकवून वर आले तेव्हा आम्ही दोघी चहा घेऊन तिथेच फतकल मारून बसलो. काकूंनी काकांच्या गोष्टी सांगितल्या. गच्चीवरची पहिली बादली काकांनी लावली होती, हे मला तेव्हा कळलं. सकाळची गोळी विसरू नये म्हणून ते काकूंना हाक मारायचे, हेही.

पंचविसावा दिवस रविवारी आला. मी मोजायचं, काकूंनी लिहायचं, रूममेटने माझ्या बोटांवर नजर ठेवायची. मापं मातीपासून शेंड्यापर्यंतच, पानाला हात नाही. अडीच तास लागले.

पाकीट उघडण्याआधी पैज लागली. मी म्हटलं, ख. ती रोपं मला पहिल्यापासून तजेलदार वाटत होती. काकू म्हणाल्या, ग. पानांचा रंगच सांगतोय म्हणे. रूममेटने पैज लावायला नकार दिला.

पाकीट उघडलं. क म्हणजे सिलिशिया: 90 पैकी 80 उगवल्या, सरासरी उंची 8.5 सेंटिमीटर. ख म्हणजे नुसती साखर: 82 आणि 8.6. ग म्हणजे साधं पाणी: 79 आणि 8.4. एकाच गटातली रोपं साडेपाचपासून अकरा सेंटिमीटरपर्यंत पसरलेली होती, तिथे एक-दोन मिलिमीटरचं काय घेऊन बसलात? तजेलदार वाटलेली माझी रोपं साखरेवर वाढली होती. काकूंची, नळाच्या पाण्यावर.

मग टोमॅटो चांगले का?

काकू बराच वेळ गप्प होत्या. मला वाईट वाटलं. जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

'मग माझे टोमॅटो दरवर्षी चांगले कसे येतात?' त्यांनी विचारलं.

याचं उत्तर मात्र आता माझ्याकडे होतं. पंचवीस दिवस त्यांच्या शेजारी बसून मिळालेलं. काकू दिवसातून दोनदा प्रत्येक कुंडीपाशी जातात. बोट खुपसून ओल बघतात. बगलेतला फुटवा खुडतात, पानामागचा मावा पुसतात, एखादं रोप कोलमडलं की मर लागायच्या आत उचलून बाजूला करतात. सिलिशिया द्यायच्या निमित्ताने रोपांकडे त्यांचं आणखी दोनदा लक्ष जातं. 'काकू, तुमचे टोमॅटो तुमच्यामुळे चांगले येतात.'

त्यांनी डोळे पुसले की घाम, मी विचारलं नाही.

आमच्या तीन ट्रेनी होमिओपॅथीचा निकाल लावला, असं मी म्हणणार नाही. त्यासाठी मोठे अभ्यास लागतात आणि ते झालेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने 2015 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं, की होमिओपॅथीने बरा होतो असा भरवशाचा पुरावा एकाही आजाराबाबत मिळत नाही. आमच्या गच्चीने सांगितलं ते एवढंच: 'माझ्या टोमॅटोवर चाललं' यावर बीपीची गोळी सोडता येणार नाही.

डिसेंबरात मी काकूंबरोबर त्यांच्या डॉक्टरांकडे गेले. काकूंनी त्यांना थेट विचारलं, गोळी बंद करू का? डॉक्टरांनी बीपी मोजलं, मग म्हणाले, 'गोळी चालू आहे म्हणून हा आकडा चांगला आलाय.' तेच लॉजिक, उलट्या बाजूने!

संक्रांत झाली. बीपीची गोळी चालू आहे. रोज सकाळी आठला मी जिन्यातून ओरडते, 'काकू, गोळी!' आणि वरून उत्तर येतं, 'घेतली गं!'

परवा गच्चीवर गेले तर काकू तांब्यात चार पांढऱ्या गोळ्या टाकत होत्या. मी बघतच राहिले.

'बघतेस काय?' त्या म्हणाल्या. 'त्यांना कुठे बीपी आहे?'

तुम्हालाही करून पाहायचंय?

खत असो, टॉनिक असो, संगीत असो की गोड गोळी... घरच्या घरी रोपांवर काहीही तपासायचं तर एवढं पाळा:

तुलना ठेवा. ज्याला काहीच दिलं नाही असा गट नसेल तर तुमचा प्रयोग म्हणजे नुसतं कौतुक.

बिया भरपूर घ्या. दहा-बारा बियांवर फार तर फोटो काढता येतो, निष्कर्ष नाही.

जागा चिठ्ठीने ठरवा, ट्रे रोज फिरवा. ऊन सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे.

बाटल्यांवर नावं नकोत. कशात काय आहे हे मोजणाऱ्याला माहीत नसावं. त्यासाठी एक कडक मैत्रीण गाठा.

कसं मोजायचं ते आधी लिहून ठेवा. नंतर नियम बदलायचे नाहीत. फक्त उंची नको, देठाची जाडी आणि पानांची संख्याही बघा.

आणि डॉक्टरांनी दिलेली रोजची गोळी रोपांच्या निकालावर कधीही बंद करू नका. आधी त्यांनाच विचारा!